कार्तिकातला बर्फ

कालपरवाचीच गोष्ट. पृथ्वीच्या दक्षिण टोकाला, जिथं मार्गशीर्षात उन्हाळा लागतो, तिथं गोठलेल्या समुद्रावर पेंग्विनांची वस्ती होती. कार्तिकातच काजळी नावाच्या आईच्या पायाखाली बर्फ कुरकुरला.

“आजोबा, पिल्लं घेऊन जमिनीवर चला,” ती वस्तीतल्या म्हाताऱ्याला म्हणाली.

“बर्फ मार्गशीर्षात फुटतो. तू आम्हाला ऋतू शिकवतेस होय गं?”

“ऋतू गेला खड्ड्यात! पिल्लांच्या अंगावर नुसती लव आहे. पाण्यात पडली तर बुडतील.”

सगळे हसले. काजळीनं आपलं पिल्लू चोचीनं ढकलत चढावर नेलं.

तिसऱ्या दिवशी बर्फ फुटला. मोठी सगळी पोहून काठाला लागली. म्हातारा अंग झटकत म्हणाला, “अजून महिना होता.”

कुणी त्याच्याकडं बघितलं नाही. आया पाण्याकडं तोंड करून पिल्लांना हाका मारत होत्या.