थाळी वाजली की उठायचं

एका गावात एक सुईण होती. गावातली निम्मी माणसं जन्मल्यावर पहिल्यांदा रडली ती तिच्याच हातात. हाताची गुणी आणि तोंडाची फटकळ. पाटलालासुद्धा ती अरे-तुरे करायची, कारण त्याची नाळ तिनंच कापली होती.

पण ही बाई दारू प्यायची. आधी बाळंतपणाचा शीण घालवायला घोटभर, मग बाळंतपणाला जाण्याआधी घोटभर, आणि पुढं बाळंतपण राहिलं बाजूला, नुसती दारूच उरली. लोकांनी तिला बोलावणं बंद केलं. पुरुष प्यायला तर गाव म्हणतं, बिचारा नादी लागला. बाई प्यायली तर गाव थुंकतं.

एका सकाळी गुत्त्याच्या पायरीवर तिला एक विणकर भेटला. दोघंही दार उघडायची वाट बघत होते आणि दोघांचेही हात थरथरत होते. विणकर म्हणाला, "मावशी, आज नको वाटतंय गं. पण एकट्याला जमत नाही."

"मला तरी कुठं जमतंय," सुईण म्हणाली. "चल माझ्या ओसरीवर. आज तू मला धर, मी तुला धरते."

तो दिवस त्यांनी शेंगा सोलत आणि एकमेकांशी भांडत काढला. दुसराही तसाच काढला. मग त्यांनी एक नियम केला. तलफ आली की लाजायचं नाही, घरातली थाळी घ्यायची आणि बडवायची. ज्याच्या कानावर पडेल त्यानं हातातलं काम टाकून धावायचं. उपदेश करायचा नाही, नुसतं शेजारी बसायचं.

हळूहळू ओसरी भरली. कुंभार आला, गवंडी आला, शेजारच्या गावचा गुरव आला. थाळी वाजली की कुणी भरल्या ताटावरून उठायचा. विणकर तर एकदा स्वतःच्या लेकीच्या साखरपुड्यातून पळाला. पलीकडच्या गावांतही थाळ्या वाजू लागल्या. लोक नाकं मुरडायचे, "करून करून भागले अन् देवपूजेला लागले." त्यावर सुईण म्हणायची, "देवपूजा कोण करतंय मेल्या, आम्ही थाळ्या बडवतोय."

आता गुत्ता चालवणारा होता पाटलाचा व्याही. थाळी वाजली की त्याचं गिऱ्हाईक उठून जायचं. पाटलानं सुईणीला चावडीवर बोलावलं.

"मावशी, दारू सोडताय, चांगलंच आहे. पण गावाची अब्रू चव्हाट्यावर कशाला मांडता? टेकडीवर मठ बांधून देतो. तिथं गुपचूप काय ते करा."

"आम्ही पिऊन धिंगाणा घालायचो, घरच्यांना मारायचो, तेव्हा गावाला गाढ झोप लागायची," सुईण म्हणाली. "आता सोडताना आवाज होतोय, तर लगेच झोपमोड झाली होय रे?"

पाटलाला ते झोंबलं. त्यानं दवंडी पिटवली की गावात जो थाळी वाजवील त्याला गावाबाहेर काढू. म्हणजे बघा, आवाज करू नका हे सांगायला गावभर हलगी बडवली.

बाकीचे घाबरले. "मावशी, पोरंबाळं घेऊन जायचं कुठं?" त्यांची तोंडं बघून सुईणीनं जन्मात पहिल्यांदा जीभ आवरली. थाळ्या फळीवर गेल्या. पण तलफ काही टेकडी चढेपर्यंत थांबत नाही. थोड्याच दिवसांत कुंभार परत गुत्त्यात दिसू लागला.

मग ऐन बाजाराच्या दिवशी सुईणीला एका घरून बोलावणं आलं, कित्येक वर्षांनी. तिनं जिवाचं रान केलं. आई वाचली, बाळ गेलं. त्या घरानं तिला एका शब्दानं दोष दिला नाही. पण ती बाहेर पडली आणि तिचे पाय गुत्त्याकडे वळले.

दाराशी येऊन ती थबकली. एवढी ती कधीच भ्यायली नव्हती. सगळे म्हणत होते, मावशी सुटली, मावशी आता पक्की. मग मावशीनं कुणाला हाक मारायची? आणि वाजवली तर गाव सुटणार. "गाव गेलं तर दुसरं मिळेल," ती पुटपुटली. "मी गेले तर मला कुठून आणू?"

शेजारी भांडीवाल्यानं दुकान मांडलं होतं. तिनं त्यातली थाळी उचलली, वर एक पळी उचलली, आणि भर बाजारात बडवायला लागली.

विणकर मागावरून उठून धावत आला. "कुणासाठी गं मावशी?"

"माझ्यासाठी."

तो तिच्याशेजारी धुळीत बसला. गवंडी आला. कुंभार तर गुत्त्यातूनच झोकांड्या खात बाहेर आला आणि बसला.

पाटील तरातरा आला. "बघा, ही यांची पुढारीण. अजून दारूसाठी तडफडतेय."

"होय, तडफडतेय, म्हणून तर वाजवतेय," सुईण म्हणाली. "लपवायचं असतं तर आत जाऊन प्याले असते, तुझ्या व्याह्यानं हसत ओतली असती. काढ मला गावाबाहेर. पण तोवर ही थाळी मी खाली ठेवत नाही."

पाटलानं दवंडीवाल्याला खूण केली. "पिट दवंडी. हिला आजपासून गावबंदी."

दवंडीवाल्यानं हलगी उचलली. त्याचे हात कापत होते. गावाला वाटायचं, म्हातारपणानं कापतात. त्यानं सुईणीकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"ऐका हो ऐका. मावशीची थाळी वाजली आहे. ज्याला ज्याला लपूनछपून प्यावी लागते, त्यानं इथं येऊन बसावं. पहिला मी बसतो."

हलगी बाजूला ठेवून तो खाली बसला. मग गर्दीतून डोक्यावर पदर घेतलेली वाण्याची बायको पुढं आली. तिच्यावर कुणाला कधी संशयसुद्धा आला नव्हता. तिच्यामागून आणखी एक, मग आणखी कुणी. पाटील हुकूम द्यायला उभाच होता, पण तो हुकूम गावाला ऐकवायला माणूसच उरला नव्हता.

सुईणीनं विणकराला कोपरानं ढोसलं. "सरक रे जरा. माणसं यायला लागलीत."

तात्पर्य: बुडणाऱ्यानं हाक मारताना लाजू नये, मग तो काल दुसऱ्यांना वाचवणारा का असेना. आणि ज्यांना ती हाक गोंगाट वाटते, त्यांनी खुशाल कानांत बोटं घालावीत. हाक थांबणार नाही.