सखाहरीच्या इंजिनाचा दम

कुसळवाडी नावाच्या गावात एक गिरणी होती आणि त्या गिरणीत सखाहरी नावाचा एक भोळा माणूस होता. कुणी काही सांगितलं की तो ते ध्यानात ठेवायचा. एकदा ध्यानात ठेवलेलं कधी विसरायचा नाही. सगळी पंचाईत तिथंच होती. तुम्ही-आम्ही निम्मं विसरतो, म्हणून आपलं बरं चाललंय.

गिरणीचं इंजिन डिझेलचं होतं. एका सिलिंडरचं, काळंभोर, सखाहरीच्या वडिलांनी आणलेलं. वडील गेले आणि इंजिनाचाही जीव जरा कमी झाला. दोन पायल्या गहू पडले की ते धापा टाकायचं. तिसरी पायली पडली की थांबायचं. मग सखाहरीही त्याच्या शेजारी बसून विसावा घ्यायचा, कारण एकट्यानं पुढं जाणं त्याला बरं वाटायचं नाही.

आता कुसळवाडीची एक रीत होती. चैत्रात भैरोबाची जत्रा भरायची, भंडारा व्हायचा, आणि भंडाऱ्याचं पीठ जो दळेल त्याला देवळातला पहिला नारळ मिळायचा. बाकी गावाचे नारळ त्याच्यामागून. हा मान सखाहरीच्या आजाला होता, बापाला होता, आणि आता सखाहरीला होता. त्याची बायको द्वारका तो नारळ वर्षभर देव्हाऱ्यात ठेवायची. घरात दुसरं दाखवण्यासारखं काही नव्हतं.

पण गेल्या वर्षी सात पोती गहू दळायला इंजिनानं चार दिवस घेतले. पाहुणे पुऱ्यांची वाट बघत नुसती आमटी पिऊन बसले. म्हणून यंदा पंचांतले थोरले रंगनाथ अण्णा स्वतः गिरणीवर आले.

"सखाहरी, रविवारी जत्रा हाय. शनवारी दुपारपातूर सात पोती दळून झाली न्हाईत, तर गहू बोरखेडीच्या विजेच्या गिरणीवर जाईल. नारळबी तिकडंच जाईल."

"जाऊ द्या की," सखाहरी म्हणाला. "न्यायला गाडी पायजे आसंल तर आमची घ्या."

दाराआडून द्वारका ऐकत होती. तिनं पदर डोळ्यांना लावला. ती रडतेय हे पाहिल्यावर सखाहरीला कळलं की आपलं काहीतरी मोठं जातंय. काय जातंय ते तिनं त्याला दोनदा समजावून सांगितलं. मग त्यालाही रडू आलं. मग दोघांनी डोळे पुसले आणि तालुक्याहून शब्बीर मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

शब्बीर मिस्त्री बुधवारी आला. त्यानं इंजिन चालू केलं, कान लावला, बंद केलं.

"इंजिन चांगलं हाय. दम कमी पडतोय. आत हवा कोंबली पाहिजे. मोठ्या गाड्यांना सुपरचार्जर असतो, तसला याला बसवू."

"त्यो कुठं मिळतो?"

"एवढ्या इंजिनाला कोण देणार? घरीच करायचा. गेनू लोहाराकडं पंख्याचा भाता हाय ना, हातानं फिरवायचा? त्याला इंजिनाच्या चाकावरनं पट्टा द्यायचा. इंजिन भात्याला फिरवंल, भाता इंजिनाला हवा देईल. जा, भाता घेऊन ये."

सखाहरी गेला. गेनू लोहारानं भाता दिला. सखाहरीनं त्याच्या नळीला दोर बांधला आणि वासरू ओढावं तसा तो गावातून ओढत आणला. भात्यानं वाटेतली धूळ, पाचोळा आणि एक चप्पल तोंडात घेतली. मिस्त्रीनं तो उलटा केला तेव्हा घमेलंभर माती निघाली.

"अरे, असं आणतात का? तोंडाला फडकं बांधायचं, डोक्यावर घ्यायचं आणि सावकाश चालायचं."

"अस्सं व्हय," सखाहरी म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

भाता साफ करण्यात संध्याकाळ झाली. गुरुवारी सकाळी मिस्त्री म्हणाला, "हवा वाढली की तेलही जास्त लागणार. कॅन भरून डिझेल आण."

सखाहरी कॅन घेऊन गेला. डिझेल भरून घेतलं. झाकण खिशात ठेवलं, कॅनच्या तोंडाला फडकं बांधलं, कॅन डोक्यावर घेतला आणि सावकाश चालू लागला. इतका सावकाश, की वाटेत त्याला एक म्हातारी मागं टाकून गेली. घरी आला तेव्हा डिझेल कानांमागून, मानेवरून थेट कमरेपर्यंत उतरलं होतं. कॅनमध्ये निम्मं उरलं होतं.

"अगं बाई!" द्वारका म्हणाली. "अहो, तुम्ही चुलीपाशी येऊ नका बरं का."

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "डिझेलला फडकं? घट्ट बूच मारायचं! आतलं टिपूसभर बाहेर येऊ द्यायचं नाही!"

"अस्सं व्हय. आता ध्यानात ठेवतो."

सखाहरीला तीनदा साबण लावून न्हाऊ घालण्यात आलं. तोवर मिस्त्रीनं भाता लाकडी ठोकळ्यावर बसवला, चाकावरून पट्टा दिला, भात्याची नळी सायकलच्या ट्यूबनं इंजिनाच्या हवेच्या तोंडाला जोडली आणि वरून सुतळी गुंडाळली. दिसायला ते काही चांगलं दिसत नव्हतं. पण हँडल मारल्याबरोबर इंजिन असं काही गरजलं, की छपरावरचं सहा महिन्यांचं पीठ एकदम खाली आलं.

"वा!" मिस्त्री पांढरा होऊन म्हणाला. "मी चहा घेऊन येतो. तू लक्ष ठेव."

सखाहरीनं लक्ष ठेवलं. लक्ष ठेवता ठेवता त्याला दिसलं, की धुराच्या नळीतून आतलं काहीतरी बाहेर येतंय. टिपूसभर नाही, भसाभसा येतंय. एवढं शिकवूनही मिस्त्री हे उघडं टाकून गेला, याचं त्याला नवल वाटलं. त्यानं मक्याचं एक कणीस घेतलं, त्याला चिंधी गुंडाळली आणि नळीत घट्ट ठोकून बसवलं.

इंजिनानं एक आवंढा गिळला. मग दुसरा. मग धडाम् असा आवाज झाला. कणीस गिरणीतून सुटलं, पारावरून गेलं आणि शाळेच्या घंटेवर बसलं. सकाळचे दहा वाजले होते. शाळा सुटली.

मिस्त्री बशी हातात घेऊनच धावत आला.

"अरे बाबा, जे आत जातं ते बाहेर यायलाच पाहिजे! खालची वाट कायम मोकळी ठेवायची! कळलं?"

"अस्सं व्हय. आता ध्यानात ठेवतो."

नळी दुरुस्त करण्यात गुरुवार संपला. शुक्रवारी मिस्त्री द्वारकेला म्हणाला, "वहिनी, ताकद वाढली की इंजिन तापणारही जास्त. ते गार ठेवायला पाण्याचं मोठं पिंप लागेल. पिंप भरलं की दळायला लागा. माझ्या मेहुणीचं लग्न आहे, मला दुपारी निघायचंय."

पिंप भरायचं काम सखाहरीनं मागून घेतलं. त्याला आता बऱ्याच गोष्टी ठाऊक झाल्या होत्या. पिंपाला बुडाशी तोटी होती. ती त्यानं पहिल्यांदा उघडली, कारण खालची वाट मोकळी पाहिजे. मग तो हापशावरून पाणी आणू लागला. एक खेप, दोन खेपा, वीस खेपा. पिंप भरेना. गिरणीमागं मात्र चांगलं तळं साचलं आणि त्यात शेजाऱ्यांची म्हैस येऊन बसली.

द्वारका म्हणाली, "अहो, झालं का भरून?"

"एवढं मोठं पिंप मी बघितलं न्हाई," सखाहरी म्हणाला.

शेवटी तो दमला, आणि दमला म्हणजे भरलं असेल असं धरून त्यानं इंजिन सुरू केलं. थोड्याच वेळात इंजिन असं तापलं की शेजारी टांगलेल्या कंदिलाची काच तडकली. मिस्त्री नवे कपडे घालून निघालाच होता. त्यानं आधी इंजिन बंद केलं, मग तोटी बंद केली, पिंपात पाणी ओतलं. मग तो खाली बसला. इतका वेळ तो ओरडत होता, आता त्याचा आवाज खाली आला होता. त्याचं सखाहरीला जास्त वाईट वाटलं.

"सखाहरी, मी आता तुला शेवटचं सांगतो. उद्या मी नाही. तोटी बंदच ठेवायची. पिंप भरलेलं ठेवायचं. आणि काहीही तापलं की पाणी. विचार करत बसायचं नाही. जिथं गरम लागंल तिथं पाणी ओतायचं. एवढं केलंस तर नारळ तुझा."

"अस्सं व्हय," सखाहरी म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

त्यानं मिस्त्रीच्या पायाला हात लावला. मिस्त्री लग्नाला गेला, पण त्याचं जेवणात लक्ष लागलं नाही म्हणतात.

शनिवारी दिवस उगवायला सात पोती आली. सखाहरीनं पिंप काठोकाठ भरलं. तोटी बंद केली. तोटी बंद आहे ना, हे द्वारकेनं पाहिलं, मग पुन्हा एकदा पाहिलं. धुराची नळी मोकळी होती. डिझेलला बूच होतं. घरातलं प्रत्येक कणीस तिनं रात्रीच शेजारणीकडं पाठवलं होतं. सखाहरीनं हँडल मारलं.

काय सांगावं! भाता घोंघावू लागला, पट्टा सपासप फिरू लागला, आणि ज्या इंजिनाला तिसऱ्या पायलीला उचकी लागायची, ते पोत्यांमागून पोती गिळू लागलं. गहू घालायला द्वारका पुरी पडेना. इंजिन तापलं की सखाहरी पाणी ओतायचा. पुन्हा तापलं की पुन्हा ओतायचा. एकदाही चुकला नाही. साडेदहाला सातवं पोतं संपलं. इंजिन बंद झालं आणि गिरणीत इतकी शांतता झाली की दोघंही घाबरली.

सात पोती पीठ भिंतीशी ओळीनं उभं होतं. द्वारका त्याच्याकडं बघत राहिली. तिला हुंदका आला. एवढा आनंद तिला लग्नातही झाला नव्हता, आणि तसं तिनं बोलूनही दाखवलं.

"मी देवळातनं अण्णांना बोलवून आणते," ती म्हणाली. दारापर्यंत गेली आणि परत आली. "अहो, मी येईपातूर पिठाला हात लावू नका."

"न्हाई लावत."

"बोटसुद्धा लावू नका."

"न्हाई लावत म्हणलं ना."

द्वारका धावत गेली. सखाहरी हात पाठीमागं बांधून पिठासमोर उभा राहिला.

आता ज्यांनी गिरणीवरून पीठ आणलंय त्यांना ठाऊक आहे, की ताजं पीठ गरम असतं. आणि हे तर सुपरचार्जरचं पीठ. पोत्यांच्या तोंडांतून वाफ येत होती. सखाहरीच्या नाकाला ती लागली. त्यानं पिठाला हात लावला नाही. नुसतं तोंड वीतभर अंतरावर नेलं. गाल भाजला.

मिस्त्री लग्नात, द्वारका देवळात, आणि सातही पोती तापलेली! क्षणभर तो विचार करणार होता. पण विचार करत बसायचं नाही, हेही त्याच्या ध्यानात होतं.

थोड्या वेळानं रंगनाथ अण्णा आले, पंच आले, मागं गुरव आला, आणि सगळ्यांच्या पुढं द्वारका आली. गिरणीच्या दारात सखाहरी उभा होता, रिकामी बादली हातात, घामाघूम, चेहरा समाधानी. पाठीमागं पिंप कोरडं पडलं होतं.

"झालं म्हणं दळून!" अण्णा म्हणाले. "बोरखेडीवाल्याची जिरली. बघू तरी पीठ." आणि त्यांनी पहिल्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.

हात आत गेला, पण बाहेर येईना. दोन पंचांनी ओढल्यावर तो बाहेर आला. त्याच्याबरोबर दोन किलो कणीक आली.

द्वारका उंबऱ्यावर मट्‌कन बसली.

"अहो," ती अगदी हळू म्हणाली, "हात लावू नका म्हणलं होतं ना मी?"

"हात कुठं लावला?" सखाहरी म्हणाला. "बादलीनं घातलं."

अण्णांनी आपल्या हाताकडं पाहिलं, सात पोत्यांकडं पाहिलं, वर चैत्रातल्या उन्हाकडं पाहिलं. जत्रा उद्या होती. ही कणीक उद्यापर्यंत टिकत नव्हती. त्यांनी गुरवाला सांगितलं, "दवंडी पिट. ज्याच्या घरात पोळपाट हाय त्यानं घेऊन यावं. भंडारा आजच."

गाव जमलं. कढया चढल्या. पुरुषांनी गुडघ्याइतकी कणीक मळली, बायका लाटायला बसल्या, शाळाही पुन्हा सुटली. भैरोबाच्या इतिहासात पहिल्यांदा भंडारा जत्रेच्या आदल्या दिवशी झाला. पंचांनी नारळाचा विचार केला. बोरखेडीला द्यावा असंही एकजण म्हणाला. पण रीत सांगत होती, जो भंडाऱ्याचं पीठ दळेल त्याला. पीठ सखाहरीनंच दळलं होतं, आणि तेही वेळेच्या आत. त्यापुढं काय करावं याबद्दल रीत गप्प होती. पहिला नारळ सखाहरीला मिळाला. द्वारकेनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि सगळ्यांसमोर पोटभर रडून घेतलं.

मग नैवेद्य झाला आणि अण्णांनी पुरीचा पहिला घास घेतला. बराच वेळ चावला.

"सखाहरी, इकडं ये. पुरी अळणी लागतीय बाबा. घाईत कुणालाच सुचलं न्हाई. पाणी घातलंस तर घातलंस, पण कुठलीबी चांगली वस्तू करायची तर तिच्यात चवीपुरतं मीठ घालावं लागतं."

"अस्सं व्हय," सखाहरी म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

घरी आल्यावर द्वारकेनं नारळ देव्हाऱ्यात ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "इंजिन एवढं असंच राहिलं, तर पुढच्या वर्षीचा मानही आपलाच."

"राहील की," सखाहरी म्हणाला.

सोमवारी त्यानं नवं डिझेल आणलं. कॅनला घट्ट बूच होतं, टिपूसही सांडलं नव्हतं. ते त्यानं जपून इंजिनाच्या टाकीत ओतलं आणि चवीपुरतं मीठ घातलं.