घडी न मोडलेल्या साड्या

महिपतीची थोरली बहीण मंदाबाई, शाळेतली मास्तरीण, वारली. चौथीत शाळा सोडलेला महिपती तिचं सामान न्यायला वर्गात आला, तर शाळा तपासायला आलेले केंद्रप्रमुख साहेब कुलूप घेऊन उभे. मंदाबाईंनी एका बालकथा लिहिणाऱ्या लेखिकेला बोलावून मुलांना गोष्टी वाचायची, लिहायची गोडी लावली होती. मुलांनी हाताळून वर्गातली पुस्तकं चुरगळली होती.

“पलीकडच्या शाळेतली पुस्तकं बघा, कशी नवीकोरी! ही कपाटात बंद करा,” साहेब मंदाबाईंच्या जागी आलेल्या नव्या गुरुजींवर गरजले.

महिपती ताडकन म्हणाला, “साहेब, माझ्या ताईच्या पेटीतल्या साड्यासुद्धा आता नव्याच राहतील. डाग नाही, घडी मोडणं नाही. नेसणारीच गेली ना!”

साहेबांनी कुलूप खिशात टाकलं. महिपतीने एक पुस्तक उघडलं, पण भरल्या डोळ्यांना अक्षर दिसेना. पुढच्या बाकावरच्या पोरीने ते हळूच ओढून घेतलं आणि त्याला वाचून दाखवलं.