लोणी-कॉफीचा निकाल

खासनीस साहेब नोकरीतून निवृत्त झाले, पण हुकूम सोडणं काही थांबलं नाही. त्यांनी लोणी घातलेली कॉफी प्यायचं मनावर घेतलं आणि ती घुसळायला तीन यंत्रं आणली. त्यातलं कुठलं ठेवायचं, यावर आठवडाभर खल चालला. रोज तिन्हींत कॉफी व्हायची आणि तिन्ही ओशट यंत्रं कामवाल्या भागाबाईंपुढे मोरीत येऊन पडायची.

"काही केल्या ठरत नाही," साहेब म्हणाले. "पाती, वेग, फेस... तुम्हाला काय कळणार त्यातलं!"

"उद्याच ठरेल," भागाबाई म्हणाल्या. "फक्त उद्या तिन्ही तुम्ही घासा."

"घासण्याचा इथे काय संबंध?"

"पिणाऱ्याला तिन्ही चांगलीच वाटतात, साहेब. यंत्राचे गुण घासणाऱ्याला कळतात."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी ऐटीत बाह्या सरसावल्या. पात्यांखालचं लोणी काढता काढता दुपार झाली.

तिसऱ्या दिवशी सकाळी भागाबाई आल्या, तर यंत्रं खोक्यांत परत गेली होती आणि साहेब पातेल्यात ताकाची रवी फिरवत होते.

"हीच उत्तम!" साहेबांनी जाहीर केलं. "घासायचा त्रासच नाही, एका पाण्यात स्वच्छ!"

"मग झालं तर," भागाबाई म्हणाल्या. "एवढ्याशा कामाला मी कशाला? रोज तुम्हीच विसळा."