टिल्लूचं छप्पर आणि तिरकी मशीन

ऐका बरं का! मध्ये जांभया द्यायच्या नाहीत.

एक होतं मैदान. साखर कारखान्याचं मैदान. मोठ्ठं, हिरवंगार. तिथे राहायचा टिल्लू. टिल्लू म्हणजे नाकतोडा. एवढासा! त्याचं घर गवतात. घराला छप्परही गवताचंच.

एकदा आला ट्रॅक्टर. घर्र घर्र घर्र! ट्रॅक्टरच्या मागे गवत कापायची मशीन. मशीनने अर्धं मैदान कापलं. आणि काय कापलं म्हणता! उजवीकडे पार टक्कल. डावीकडे सगळं जंगल तसंच. न्हाव्याने अर्धं डोकं भादरलं आणि जेवायला गेला, तसं दिसत होतं मैदान.

टिल्लूचं घर होतं नेमकं टकलात. छप्पर गेलं. भुर्र! टिल्लूने वर पाहिलं. तारेवर बसली होती साळुंकी. पिवळी पिवळी चोच.

"अगंबाई, टिल्लू दिसला!" साळुंकी म्हणाली. "गट्टम करू का?"

टिल्लू पटकन दगडाखाली शिरला. अर्धं मैदान अजून राहिलं होतं. दुपारी तेही कापणार. तेही असंच भादरलं, तर टिल्लूने राहायचं कुठे? साळुंकीच्या पोटात?

टिल्लू निघाला मशीनकडे. चट् उडी, पट् उडी!

"मशीनबाई, मशीनबाई, सरळ कापा ना!
मशीन सरळ की गवत सरळ.
गवत सरळ की मला छप्पर!"

मशीन म्हणाली, "मी? मी मुळीच तिरकी नाही हं! ट्रॅक्टरच तिरका उभा आहे. ट्रॅक्टर सरळ झाला, तर मी सरळ कापीन. नाही तर नाही!"

वा! हिचं पातं मातीत घुसलंय, आणि चूक म्हणे ट्रॅक्टरची.

टिल्लू गेला ट्रॅक्टरकडे. चट् उडी, पट् उडी!

"ट्रॅक्टरभाऊ, ट्रॅक्टरभाऊ, सरळ उभे राहा ना!
ट्रॅक्टर सरळ की मशीन सरळ.
मशीन सरळ की गवत सरळ.
गवत सरळ की मला छप्पर!"

ट्रॅक्टर म्हणाला, "माझं उजवं चाक बसलंय. चाक टम्म झालं, तर मी सरळ उभा राहीन. नाही तर नाही!"

एवढं मोठं धूड, आणि चाकावर रुसून बसलं.

टिल्लू गेला चाकाकडे. चट् उडी, पट् उडी!

"चाकराव, चाकराव, टम्म फुगा ना!
चाक टम्म की ट्रॅक्टर सरळ.
ट्रॅक्टर सरळ की मशीन सरळ.
मशीन सरळ की गवत सरळ.
गवत सरळ की मला छप्पर!"

चाक म्हणालं, "फुस्स! माझ्यात हवा कुठे आहे? पंपाने हवा दिली, तर मी फुगेन. नाही तर नाही!"

टिल्लू गेला पंपाकडे. चट् उडी, पट् उडी! पंप होता शेडच्या कोपऱ्यात. अंगावर कोळ्याचं जाळं. फार कामात होता बिचारा!

"पंपदादा, पंपदादा, हवा द्या ना!
पंपाची हवा की चाक टम्म.
चाक टम्म की ट्रॅक्टर सरळ.
ट्रॅक्टर सरळ की मशीन सरळ.
मशीन सरळ की गवत सरळ.
गवत सरळ की मला छप्पर!"

पंप म्हणाला, "मी आपला आपण हलत नसतो. खंडूकाकांनी जोर लावला, तर मी हवा देईन. नाही तर नाही!"

खंडूकाका म्हणजे ट्रॅक्टरचे ड्रायव्हर. लिंबाखाली आडवे झाले होते. तोंडावर टॉवेल. टिल्लू गेला त्यांच्या पोटावर. चट् उडी, पट् उडी!

"काका काका, जोर लावा ना!
काकांचा जोर की पंपाची हवा.
पंपाची हवा की चाक टम्म.
चाक टम्म की ट्रॅक्टर सरळ.
ट्रॅक्टर सरळ की मशीन सरळ.
मशीन सरळ की गवत सरळ.
गवत सरळ की मला छप्पर!"

काकांनी टॉवेल उचलला. "मशीनला काय धाड भरलीये? ठणठणीत आहे! डावीकडे वर राहत होती, म्हणून मी डावीकडे धोंडा बांधलाय. हा एवढा! कुठल्या इंजिनियरला सुचेल का?"

नाही सुचणार हो! चाकात हवा नाही, आणि औषध म्हणे धोंडा.

"आणि जोर काय फुकट येतो?" काका म्हणाले. "पारूकाकूंनी चहा दिला, तर मी जोर लावीन. नाही तर नाही!"

टिल्लू गेला कॅन्टीनमध्ये, पारूकाकूंकडे. चट् उडी, पट् उडी!

"काकू काकू, चहा करा ना!
काकूंचा चहा की काकांचा जोर.
काकांचा जोर की पंपाची हवा.
पंपाची हवा की चाक टम्म.
चाक टम्म की ट्रॅक्टर सरळ.
ट्रॅक्टर सरळ की मशीन सरळ.
मशीन सरळ की गवत सरळ.
गवत सरळ की मला छप्पर!"

काकू म्हणाल्या, "दूध संपलं बाबा. कोरा चहा त्यांच्या घशाखाली उतरत नाही. फार मोठे साहेब ना ते! मोरी गाईने दूध दिलं, तर मी चहा करीन. नाही तर नाही!"

टिल्लू गेला मोरी गाईकडे. चट् उडी, पट् उडी!

"गाईबाई, गाईबाई, दूध द्या ना!
गाईचं दूध की काकूंचा चहा.
काकूंचा चहा की काकांचा जोर.
काकांचा जोर की पंपाची हवा.
पंपाची हवा की चाक टम्म.
चाक टम्म की ट्रॅक्टर सरळ.
ट्रॅक्टर सरळ की मशीन सरळ.
मशीन सरळ की गवत सरळ.
गवत सरळ की मला छप्पर!"

गाय म्हणाली, "कापलेल्या गवतात नुसती माती! दाताखाली कचकच, कचकच. उंच गवताचा एक घास मिळाला, तर मी दूध देईन. नाही तर नाही!"

टिल्लू गेला उंच गवताकडे. चट् उडी... पट् उडी... दमला हो टिल्लू! वर साळुंकी होतीच.

"गवता गवता, एक घास दे ना!
गवताचा घास की गाईचं दूध.
गाईचं दूध की काकूंचा चहा.
काकूंचा चहा की काकांचा जोर.
काकांचा जोर की पंपाची हवा.
पंपाची हवा की चाक टम्म.
चाक टम्म की ट्रॅक्टर सरळ.
ट्रॅक्टर सरळ की मशीन सरळ.
मशीन सरळ की गवत सरळ.
गवत सरळ की मला छप्पर!"

गवत म्हणालं, "हो, देतो की! आधी मला कापायला हवं. मशीन सरळ झाली, तर मला कापेल. नाही तर नाही!"

म्हणजे मशीन सरळ व्हायला काय हवं? सरळ मशीन! ऐकलंत ना?

आता मात्र टिल्लू चिडला. मिशा ताठ झाल्या त्याच्या डोक्यावरच्या!

"गेली उडत तुमची मशीन!" टिल्लू म्हणाला. "मला काय दात नाहीत?"

कुरुम् कुरुम्! एक पातं पडलं. कुरुम् कुरुम्! दुसरं पडलं. कुरुम् कुरुम् कुरुम्! झाला एक घास. आणि कापलं कसं? एकदम सरळ!

टिल्लूने घास नेला ओढत, ओढत, ओढत.

"एवढासाच?" गाय म्हणाली.

"एकच घास म्हणाला होतात," टिल्लू म्हणाला.

गाईने घास खाल्ला. मच मच! गाईने दूध दिलं. चर्र चर्र! काकूंनी चहा केला. खळ खळ! काकांनी चहा प्यायला. फुर्र फुर्र! काकांनी जोर लावला. हुश्श हुश्श! पंपाने हवा दिली. फस् फस्! चाक झालं टम्म! ट्रॅक्टर झाला सरळ!

आणि मशीन?

मशीन तिरकी! आता डावीकडे तिरकी.

"माझी काय चूक?" मशीन म्हणाली. "हा धोंडा बघा की!"

टिल्लू धोंड्यावर जाऊन बसला. "काका, धोंडा सोडा!"

काकांनी मशीनकडे पाहिलं. धोंड्याकडे पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं. मग हळूच दोरी सोडली. धप्प!

"सोडणारच होतो मी," काका म्हणाले.

हो ना! सोडणारच होते.

ट्रॅक्टर निघाला. घर्र घर्र घर्र! उरलेलं मैदान कापलं. उजवीकडे चार बोटं गवत. डावीकडेही चार बोटं गवत. टिल्लू सुळकन आत शिरला. डोक्यावर हिरवं हिरवं छप्पर!

साळुंकी खाली आली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. टिल्लू दिसेना.

काका ट्रॅक्टरवरून ओरडले, "बघा पारूकाकू, माझी मशीन! कध्धी चुकत नाही!"

टिल्लूला खूप खूप बोलायचं होतं. पण साळुंकी अजून तिथेच होती. टिल्लूने तोंड मिटलं, अंग चोरलं, आणि छपराखाली गप्प बसला. साळुंकी कंटाळली आणि उडून गेली.

टिल्लू गप्प, गोष्ट गप्प. आता तुम्हीही गप्प बसाल ना? बसलात, बसलात!