सटवाजी झारेकऱ्याची चांदी

निंबाळे गाव नदीच्या वळणावर आहे. गावात जाखाईचे देऊळ, देवळामागे धर्मशाळा, आणि त्या धर्मशाळेच्या ओसरीवर श्री निवांतबुवा महाराजांचे एकवीस वर्षे वास्तव्य होते. महाराजांचा चढलेला आवाज कोणी ऐकला नव्हता. अंगावर कुत्रे धावून आले तरी ते "ये बाबा, बस," म्हणत. त्यांच्या शांतीच्या कथा घरोघर सांगतात. ही कथा त्यांच्या रागाची आहे. ती सांगताना पुष्कळजण आवाज बारीक करतात. तसे करण्याचे कारण नाही. महाराजांचा रागही प्रसादच होता. तो उशिरा मिळाला, एवढेच.

निंबाळ्यात सोनारांची एक गल्ली होती. तुटलेली जोडवी, झिजलेले तोडे, चेपलेल्या वाट्या, अशी मोड मातीच्या मुशीत वितळवून तिथे नवे दागिने घडत. या कामात चांदीचे बारीक कण उडतात, शेगडीच्या राखेत पडतात, फरशीच्या फटींत बसतात. ती राख आणि तो केर नदीवर नेऊन धुणारा, तळाशी उरलेली चांदी वेचणारा माणूस म्हणजे झारेकरी. सटवाजी हा निंबाळ्याचा झारेकरी. तीस वर्षे तो गुडघाभर पाण्यात उभा राहिला.

एके वर्षी त्र्यंबकशेट पोतदारांच्या राखेत त्याला जाड दाणे सापडू लागले. सटवाजी ते दाणे फडक्यात बांधून शेटांच्या दुकानी गेला. गिऱ्हाईक नाही असे बघून हळूच म्हणाला, "शेट, मुशीतून उडालेली चांदी खसखशीएवढी असते. ज्वारीएवढी चांदी उडत नाही. ती गिऱ्हाइकाची नजर चुकवून चिमट्यानं राखेत टाकावी लागते."

त्र्यंबकशेट हसले. "तुला रे काय कळतं? तू केर धुणारा!"

दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी पसरली, की सटवाजीला चोरी करताना शेटांनी धरले. गल्ली त्याला बंद झाली. सटवाजी महाराजांकडे आला आणि घडले ते सांगितले. महाराज म्हणाले, "थांब सटवाजी. खरं वर येतं."

सटवाजी थांबला. सहा वर्षे चुन्याच्या भट्टीवर दगड वाहिले. लोक त्याला पाहून घराबाहेरची भांडी आत नेत. तो कोणाला काही बोलला नाही. माघात तो गेला. आंघोळ पुरुषांनी घातली, हात मात्र त्याच्या एकुलत्या लेकीने, गोजराने, धुतले. शिकेकाईने घासले, नारळाच्या किशीने घासले. तळव्याच्या रेषांत बसलेली राख निघाली नाही. मग तिने घासणे थांबवले.

जाण्याआधी त्याने तिच्याकडे दोन पुरचुंड्या दिल्या होत्या. एक पांढऱ्या फडक्याची, एक लाल. "पांढरी माझ्या मेहनतीची, ती जाखाईआईला घाल. लाल आपली नाही. ज्यांची आहे त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. आईला ठाऊक असतील."

चैत्रात जाखाईचा चांदीचा मुखवटा नव्याने घडवायचे ठरले. मुखवट्याची मोड देवळाच्या आवारात, सगळ्यांसमोर वितळवायची रीत होती, आणि तो मान पोतदारांचा. भर दुपारी शेगडी पेटली. बायका पुढे होऊन आपली मोडकी पैंजणे, मासोळ्या ताटात ठेवू लागल्या. गोजरा पुढे आली आणि तिने दोन्ही पुरचुंड्या ताटाशेजारी ठेवल्या.

त्र्यंबकशेटांनी चिमट्याच्या टोकाने लाल पुरचुंडी मागे ढकलली. "हे काय आणलंस, गोजरे?"

"माझ्या बाची चांदी."

"बाची कुठली! आमच्या गल्लीतली म्हण." शेट लोकांकडे वळून हसले. "केरातनं चोरलेलं आता देवीच्या तोंडाला लावायचं म्हणतेय ही!"

काही लोक हसले. गोजरा हसणाऱ्यांकडे बघत राहिली, एकेकाकडे. मग म्हणाली, "शेट, तो जिवंत होता तोवर तुम्ही बोललात, त्यानं ऐकून घेतलं. मी ऐकणार नाही. माझ्या बापाला चोर म्हणायचं असलं तर आईकडे तोंड करून म्हणा."

"म्हणतो की!" शेटांनी गाभाऱ्याकडे तोंड केले. "सटवाजी चोर होता. झालं समाधान?"

"नाही," असा आवाज मागून आला.

महाराज ओसरीवरून उतरून आले होते. त्यांचे डोळे लाल झाले होते. लोक आपोआप बाजूला सरकले.

"मी त्याला थांब म्हणालो," महाराज म्हणाले. "तो थांबला. मरेपर्यंत थांबला! माझ्या एका शब्दावर एका माणसानं सहा वर्षं मान खाली घालून काढली, आणि मी इथे ओसरीवर भजन करत बसलो. पहिला राग मला माझा आला आहे, त्र्यंबक. दुसरा तुझा. आणि तुम्ही आत्ता हसलात ना, तुमचाही." मग शेगडीकडे बोट करून म्हणाले, "रिकामी मूस ठेव. आधी पांढरी."

त्र्यंबकशेटांना नाही म्हणता येईना. त्यांनी पांढरी पुरचुंडी मुशीत ओतली, भाता मारला. चांदी बघता बघता वितळली आणि आरशासारखी स्वच्छ झाली. एक डाग नाही. ती साच्यात ओतली.

"आता लाल."

ज्वारीएवढे दाणे मुशीत पडले. निखारे पांढरे पडेपर्यंत भाता चालला. दाणे वितळले, गोल झाले, चमकू लागले. पण एकमेकांत मिसळेनात! अळूच्या पानावर पाण्याचे थेंब फिरावेत तसे मुशीत फिरत राहिले. शेटांनी चांदी एकजीव करणारी सवागी टाकली, सळीने ढवळले. थेंब सळीला वाट देत आणि पुन्हा वेगळे होत. शेटांच्या कपाळावरून घाम निथळू लागला.

गल्लीतले वयोवृद्ध कारागीर दामूअण्णा मुशीत डोकावले. "साठ वर्षं शेगडीपुढे बसलो," ते म्हणाले, "असं कधी बघितलं नाही."

महाराज म्हणाले, "ज्याची चांदी त्याच्या नावानं वेगळी उभी आहे. नावं तुला ठाऊक आहेत, त्र्यंबक. घे."

"महाराज, मला काय ठाऊक…"

"नाव घे!" महाराज गरजले. देवळाच्या शिखरावरची कबुतरे उडाली.

त्र्यंबकशेटांची नजर मुशीवरून हलेना. ओठ सुकले होते. शेवटी पुटपुटले, "कासारांची बायजा. तिचे तोडे." मुशीतला एक थेंब सरकला आणि दुसऱ्यात मिळून गेला. गर्दीत बायजा तोंडाला पदर लावून उभी होती. "कोष्ट्याचा मारुती… लेकीची वाळी." आणखी एक मिळाला. मग नावे थांबेनात. गुरवीण. तेल्याची म्हातारी. सख्खी मावशी. एकेक नाव, एकेक थेंब. हसलेले लोक आता जमिनीकडे बघत होते.

शेवटी मोठा थेंब एक झाला आणि त्याच्याशेजारी एकच लहान उरला. शेटांनी डोळे मिटून पुष्कळ आठवले. "संपली नावं, महाराज. आईशप्पथ, आणखी कोणाची घेतली नाही."

"चांदी घेतली नसशील," महाराज म्हणाले. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "ज्याचं दुसरंच काही घेतलंस, त्याचं नाव राहिलं."

शेटांनी हातातली सळी खाली ठेवली. मग त्र्यंबकशेट म्हणाले, "सटवाजी झारेकरी."

थेंब हलला नाही.

"सटवाजी चोर नव्हता," शेट म्हणाले. "चोर मी होतो. तो मला सांगायला आला होता, एकट्याला, हळूच… मी त्याला गल्लीतनं उठवलं."

थेंब मिळून गेला. मूस आरशासारखी झाली.

दामूअण्णा म्हणाले, "आम्हा सोनारांना ठाऊक होतं पोरी. ज्वारीएवढी चांदी उडत नाही, हे शेगडीपुढे बसणाऱ्या कोणालाही कळतं. आम्ही गप्प बसलो." गोजराने त्यांच्याकडे बघितले आणि रिकामी फडकी उचलून घेतली.

त्र्यंबकशेट महाराजांच्या पायांवर वाकायला गेले. महाराजांनी पाय मागे घेतले. "इथे नाही, गोजरापाशी. आणि मीही तुझ्याबरोबर तिथेच येतो." असे म्हणून एकवीस वर्षे ज्यांच्यापुढे गाव वाकत आले ते महाराज झारेकऱ्याच्या लेकीपुढे वाकले. अहाहा! पाहणाऱ्यांना आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना.

गोजराने महाराजांना धरून उठवले. त्र्यंबकशेटही तिच्यापुढे, शेगडीजवळ सांडलेल्या राखेत कपाळ टेकून पडले होते. त्यांना तिने हात लावला नाही.

"बा असता तर त्यानं तुम्हांला हात देऊन उठवलं असतं," ती म्हणाली. "मला आज ते जमत नाही."

महाराज म्हणाले, "जमवू नकोस."

मुखवटा त्याच शेगडीवर घडला. ज्वारीएवढ्या दाण्यांची चांदी ज्याची त्याला विचारून, त्याच्या राजीखुशीने त्यात घातली. सटवाजीच्या मेहनतीच्या चांदीचे जाखाईचे डोळे झाले. घडवले त्र्यंबकशेटांनीच. कपाळाला लागलेली राख त्यांनी तो मुखवटा पुरा होईपर्यंत पुसली नाही, आणि पहिल्या दिवशी आईचे दर्शन गोजराने घेतल्यावर, सगळ्यांच्या मागे उभे राहून, त्यांनी घेतले.