सोडा म्हटल्याशिवाय

"…पण अक्का, खरा गुरू ओळखायचा कसा?"

प्रश्न टिल्लूसरांनी विचारला, तो गाडीखालून बाहेर आलेल्या दोन पावलांना. अक्कांचं बाकीचं अंग गाडीखाली होतं.

"आत बसा. क्लचवर पाय ठिवा," गाडीखालून उत्तर आलं.

गोदाक्का म्हणजे पठारावरच्या मठाच्या प्रमुख. वय सत्तरीपुढे, भगव्या लुगड्याचा काष्टा घट्ट खोचलेला. मठाची गाडी चाळीस वर्षांची. पठारावरची आजारी माणसं हिच्यातूनच घाट उतरून दवाखान्यात जायची, आणि गाडी चालवायच्या अक्काच. चार दिवसांपूर्वी क्लचनं अंग टाकलं. पेडल तळाला टेकायचं, गिअर पडायचा नाही. अक्कांनी खालच्या सिलिंडरचं रबर बदललं होतं. आता नळीत शिरलेली हवा काढायची राहिली होती, आणि त्या कामाला दोन माणसं लागतात.

टिल्लूसर इंजिनीअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले. त्यांनी आजवर सात गुरू केले आणि सातही सोडले, कारण प्रत्येकाची कुठे ना कुठे चूक सापडली. आता मात्र ते थकले होते. कुणीतरी 'राहा' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"मला शिष्य करून घेणार का, तेवढं सांगा. नाहीतर पाचची एसटी आहे."

"आधी हवा निघू द्या. मी दाबा म्हनलं की दाबायचं. सोडा म्हनलं की सोडायचं. मधी काय न्हाई."

"कळलं हो. पास्कलचा नियम तीस वर्षं शिकवलाय मी."

"कुनाला?"

"मुलांना."

"हां… दाबा."

सरांनी दाबलं. खाली अक्कांनी सिलिंडरवरचं हवा सोडायचं निपल सैल केलं. निपलला लावलेल्या रबरी नळीतून तेल आणि बुडबुडे खालच्या बाटलीत आले.

"द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते, म्हणूनच तर…" सर सांगू लागले आणि बोलण्याच्या भरात त्यांनी पाय उचलला.

निपल अजून उघडं होतं. बाहेर आलेली हवा मुकाट्यानं परत आत गेली.

"सोडा म्हनलं व्हतं का मी?"

"नाही, पण तत्त्वतः…"

"तत्त्वानं गाडी घाट चढत न्हाई, सर. दाबा."

आणखी दोनदा असंच झालं. मग सर गप्प बसले आणि काम सुरू झालं.

"दाबा." "दाबलं." "सोडा." "सोडलं."

अर्धा तास दुसरा शब्द नाही. अक्का अधूनमधून उठून वर टाकीत तेल ओतायच्या, पुन्हा खाली सरकायच्या. सरांच्या पायाला पेडल हळूहळू घट्ट लागू लागलं. त्यांना चक्क मजा येत होती.

"शेवटची खेप. दाबा."

"दाबलं!"

आणि सरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अक्का, कळलं मला! हवा म्हणजे अहंकार! तो गेल्याशिवाय गुरूचा शब्द पोचत नाही. असंच ना?"

अक्कांचा चेहरा बघायला सर आनंदानं गाडीतून खाली उतरले.

खाली फुस्स झालं.

…

अक्कांनी तेलाचा डबा हलवून पाहिला. तेल संपलं होतं.

सरांनी वाकून पाहिलं. नळीचं टोक बाटलीत तेलाच्या वर लोंबत होतं. ते तेलात बुडवलं असतं, तर आत हवा गेलीच नसती. आठव्या गुरूची चूक सापडली होती, आणि ती अगदी खरी होती.

सरांनी तोंड उघडलं…

"चुकलं माझं," ते म्हणाले. एवढं बोलताना त्यांचे कान लाल झाले.

अक्का सरपटत बाहेर आल्या. गालाला तेल फासलेलं, आणि हसू काही आवरेना.

"नळी तेलात बुडवाया पायजे व्हती, न्हाई का?"

"…हो."

"मंग बोलला का न्हाई?"



अक्कांनी लुगड्याच्या पदरानं हात पुसले.

"पिठलं-भाकरी चालंल न्हवं? हे काय आज हुयाचं न्हाई."